सत्यशीला पडते तेव्हा

५ जानेवारी, रविवार

लेन्स कंपनीचा माणूस दर वर्षी डायरी देतो आणि दर वर्षी ती दुकानात बिलांखाली दबून जाते. यंदा लिहायला घेतली. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. काही गोष्टी सत्यशीलेला सांगता येत नाहीत, कारण त्या तिच्याबद्दलच असतात.

गेल्या शनिवारी ती सोसायटीच्या फाटकापाशी पडली. भाजी घेऊन येत होती. वॉचमनचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या कानामागे फ्रेमची दांडी वाकवून बसवत होतो. शनिवार पेठेतून कोथरूडला स्कूटर कशी आणली ते आठवत नाही. पोचलो तर ही पायरीवर बसलेली, हनुवटी फुटलेली, ओढणी रक्ताने भरलेली. मला बघून म्हणाली, "मेथीला काही झालं नाही."

हनुवटीला टाके पडले.

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, कळून आता बरीच वर्षं झाली. मी चष्मेवाला, म्हणून पहिली तक्रार माझ्याकडेच आली होती. डाव्या डोळ्याला लाल रंग फिका दिसतो म्हणाली. मी नंबर तपासला, काच बदलून दिली. पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा बदलून दिली. मग एक पाय जड झाला आणि डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला. वायरीवरचं आवरण झिजावं तसं मज्जातंतूंचं होतं म्हणे. पाऊल उचल हा निरोप मेंदूतून निघतो, पायापर्यंत वेळेवर पोचत नाही. उजवा पंजा लोंबतो आणि अंगठा जमिनीला अडकतो. दिसायला काहीच नसतं आणि ती पडते.

आज दिवसभर कामाला लागलो होतो. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. बाथरूमचा उंबरा मिस्त्रीकडून फोडून घेतला, भिंतीला स्टीलच्या दांड्या बसवल्या. तिची झोपायची सोय बाथरूमला लागून असलेल्या छोट्या खोलीत केली. पलंग एकेरी आहे, पण भिंतीला लावलेला, त्यामुळे एका बाजूची तरी काळजी मिटली. मी पलीकडच्या खोलीत आहे. हाक मारली की ऐकू येतं.

सगळं झाल्यावर तिला फिरवून दाखवलं. म्हणाली, "छान. आता जमीन तेवढी उचला. आपटते मी तिच्यावरच."

१० जानेवारी, शुक्रवार

आज तिला सांगितलं की यापुढे एकटीने खाली जायचं नाही. भाजी, दूध, औषधं मी आणेन. दुकान दुपारी बंद असतं तेव्हा घरी चक्कर टाकेन. वाद होईल म्हणून मनात चार मुद्दे तयार ठेवले होते. एकही लागला नाही. "बरं," म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

दीपमाला व्यायाम घ्यायला आली होती. ती फिजिओथेरपिस्ट, वर्ध्याची मुलगी, मंगळवारी आणि शुक्रवारी येते. तिला हे कळल्यावर म्हणाली, "असं काय करून राहिले काका? दांड्या लावल्या ते चांगलंच केलं. पण चालणं बंद झालं तर पाय अजून कमजोर होतील. मग घरातल्या घरात पडतील त्या."

मी म्हणालो, "खाली गेलीच नाही तर खाली पडायचा प्रश्न येत नाही."

दीपमालाने सत्यशीलेकडे बघितलं. सत्यशीला खिडकीतून बाहेर बघत होती. माझं म्हणणं दोघींना पटलं असावं, कारण पुढे कोणी काही बोललं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. एरवी ही काळी साडी नेसून सगळ्या इमारतीत तिळगूळ वाटत हिंडायची, आणि परत येताना तिच्या डब्यात नेलेल्यापेक्षा जास्तच असायचं. यंदा लोक वर आले. सगळ्या बायकांनी तिच्या हनुवटीकडे बघितलं आणि तब्येतीचं विचारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर "तुम्ही उठू नका हं" असं इतक्यांदा सांगितलं, की शेवटी ही म्हणाली, "नाही उठत. तुम्हीच बसा की जरा." त्या बसल्या नाहीत.

संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती. तिथून टेकडी दिसते. मी शाल आणून तिच्या खांद्यावर घातली आणि गार वारा आहे, आत चल म्हणालो. दंडाला धरून आत आणलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

महिना होत आला, एकदाही पडली नाही. लिहायला बरं वाटतं. दीपमाला काही म्हणो, माझी व्यवस्था लागू पडली.

सत्यशीलाही आता स्वतःहून काळजी घेते. काचेच्या बरण्या खालून काढून सगळं प्लास्टिकच्या डब्यांत भरलंय. स्वयंपाकघरात मध्येच एक भक्कम लाकडी खुर्ची आणून ठेवली आहे. मी ती वाटेत येते म्हणून भिंतीला सरकवली, तर दुसऱ्या दिवशी परत तिथेच. थकल्यावर बसायला असेल. थंडीही यंदा तिला जास्त वाजते, घरातसुद्धा लांब बाह्यांचं घालते. गोदाबाई आमच्याकडे झाडूपोछ्याला येतात, त्याही हल्ली काम संपल्यावर लगेच जात नाहीत. मी दुपारी किल्लीने दार उघडून आत आलो की दोघींचं बोलणं थांबतं. असेल काही बायकांचं.

आज फोन करून आंबेहळद आणायला सांगितली. गेल्या आठवड्यातही आणली होती. लोणचं घालणार असेल. आंबेहळदीचं लोणचं मला फार आवडतं. अजून पानात काही आलं नाही, मुरायला ठेवलं असेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

संभाजीराव आले होते. सत्यशीलेचा धाकटा भाऊ. धायरीला त्यांचं जुनं घर, भोवतालच्या शेतात आता इमारती, तरी घरापुढे थोडी जमीन राखून आहेत. त्यांच्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न ठरलं.

"दाजी, सोळा तारखेला हळद हाय. घरापुढंच मांडव. ताईला घेऊन यायचं म्हंजे यायचं. पोरगी म्हणती, पहिली हळद आत्याचीच."

सत्यशीलेचा चेहरा असा उजळला की मी बघत राहिलो. अपेक्षाच्या बारशाला नाव हिनेच ठेवलं होतं. लहानपणी सुट्टीत ती पोर आमच्याकडेच असायची, हिच्या ओच्याला धरून.

मी म्हणालो, "गर्दी असेल. जमीन उंचसखल. मांडवात दोऱ्या, वायरी, लहान पोरं. आम्ही लग्नाला हॉलमध्ये येऊ, पुढच्या रांगेत बसू. हळदीला नको."

संभाजीराव म्हणाले, "आम्ही हाय की धरायला चौघंजण."

"नको," मी म्हणालो.

त्यांनी बहिणीकडे बघितलं. ती चहाचे कप उचलत होती. एका हातात एकच कप, दुसरा हात ओट्यावर. तिने ते तसंच चालू ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून अबोला. संध्याकाळी बाल्कनीतून आत आणताना तिने माझा हात दंडावरून काढला.

"किती वर्षं झाली," म्हणाली, "तुम्ही मला हात लावता तो फक्त धरायला."

मग काय चुकलं? धरणार नाही तर पडेल. मी तेच म्हणालो. ती म्हणाली, "हो, बरोबर आहे तुमचं." आणि छोट्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. दार लावायचं नाही असं ठरलं आहे, पण आज मी ते उघडायला गेलो नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक नवरा-बायको दुकानात आले होते. साठीचे असतील. बाईंना लांबचं दिसत नव्हतं. काच घालून त्यांना बाहेर रस्त्यावर नेलं, नीट दिसतं का बघायला. त्या झरझर पुढे गेल्या, समोरच्या पाट्या वाचत, आणि नवरा मागून ओरडला, "अगं थांब की!"

मला एकदम काहीतरी झालं. पैसे घेतल्यावर पावती द्यायची राहिली.

आम्ही रोज सकाळी टेकडीवर जायचो. ती नेहमी पुढे. पाठीवर वेणी उड्या मारतेय, चपलांचा आवाज, आणि मी धापा टाकत मागे. "अगं थांब की" हेच मी आयुष्यभर म्हणत आलो. ती वळून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मी जवळ पोचलो की परत पुढे. कधी नीट बरोबरीने चालली नाही म्हणून मला राग यायचा.

आता माझ्या चालीने चालते. माझ्याहून हळू. ती पाठमोरी कशी दिसते ते हल्ली मला दिसतच नाही.

हे तिला सांगावंसं वाटलं. घरी गेलो आणि गोळी घेतलीस का, एवढंच विचारलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

गुडघा सुजला आहे.

आज दुकानात वीज नव्हती म्हणून सकाळीच घरी आलो. स्वयंपाकघरात सत्यशीला जमिनीवर पडलेली. कुशीवर. डाळीचा डबा लांब गेलेला, डाळ सगळीकडे. आणि गोदाबाई तिच्याशेजारी उभ्या. नुसत्या उभ्या, हाताची घडी घालून!

मी ओरडलो, "बघत काय बसलात? उचला!" आणि धावत जाऊन तिला काखेत हात घालून वर ओढलं.

"थांबा! अहो, सोडा, थांबा!" ती किंचाळली. तिचा पाय डाळीवरून सरकला, माझा गुडघा खुर्चीवर आदळला आणि आम्ही दोघं खाली. तिचा खांदा माझ्याखाली आला. मी तिच्या अंगावर पडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला पाडलं.

गोदाबाईंनी आधी मला उठवलं. मग म्हणाल्या, "दादा, जरा मागं व्हा. ताईंचं त्या करतात."

सत्यशीला थोडा वेळ पडून राहिली. मग कुशीवर वळली, कोपरावर आली, रांगत त्या लाकडी खुर्चीपर्यंत गेली. दोन्ही हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे, आणि श्वास सोडत उभी राहिली. दीपमालाने शिकवलेलं. ती खुर्ची बसायला नव्हती.

बाही वर गेली होती. कोपरापासून वर सगळं काळंनिळं. काही डाग जुने, पिवळे पडलेले. त्यांवर आंबेहळदीचा वाळलेला लेप.

"कितीदा पडलीस?" मी विचारलं.

"मोजलं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

ती खुर्चीवर बसली. केसांत डाळ अडकली होती. शांतपणे म्हणाली, "फाटकात पडले, तुम्ही भाजी आणणं काढून घेतलंत. बाथरूममध्ये घसरले असते तर दाराची कडी काढली असतीत. खोली तर आधीच बदललीत. सांगितलं असतं तर पुढे काय काढून घेतलं असतंत?"

मी डाळ गोळा करत बसलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुकानाला उशीर केला आणि दीपमालाची वाट बघत थांबलो. तिला फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. हे सगळं हिला माहीत होतं आणि मला सांगितलं नाही.

ती म्हणाली, "काका, पेशंटने सांगू नका म्हटलं तर कशी सांगणार? तुम्हाला सांगा, असं मात्र दर वेळेला म्हटलं त्यांना." मग म्हणाली, "हे बघा, पडणं कमी करता येतं. अजिबात पडणार नाही असं मी सांगू शकत नाही, कोणीच नाही सांगणार. म्हणून उठता आलं पाहिजे. अन् तुम्ही असे काखेत धरून ओढता ना, त्याने खांदा निखळतो."

"मग मी काय करायचं? बघत राहायचं?"

"आधी लागलं का विचारायचं. डोक्याला मार असेल, उठवत नसेल, तर मदत. नाहीतर खुर्ची जवळ आणायची अन् थांबायचं." तिने फरशीकडे बोट दाखवलं. "झोपा तुम्ही खाली."

"मी?"

"हो. उजवा पाय नाही असं समजा. उठून दाखवा."

पन्नाशी उलटून गेलेला माणूस, शर्ट खोचलेला, खिशात पेन, मी फरशीवर आडवा झालो. डायनिंग टेबलाची खालची बाजू मी प्रथमच बघितली. तिथे सुताराने पेन्सिलने काहीतरी आकडा लिहिलाय. कुशीवर वळलो तर सुजलेला गुडघा दुखला. कोपर घसरलं. दुसऱ्यांदा घसरलं. दोघी खुर्च्यांवर बसून बघत होत्या आणि मला आतून इतकी लाज वाटली, की कोणीतरी धरून उठवावं असं वाटत होतं आणि कोणी हात लावू नये असंही वाटत होतं.

तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, "सावकाश. मेथी नाही ना हातात?"

आणि हसायला लागली. पूर्वीसारखं, मान मागे टाकून. दीपमालाही हसली. मी खालून तिच्याकडे बघत होतो. उठायची घाई करावीशी वाटेना.

नंतर ती म्हणाली, "त्या छोट्या खोलीत मी झोपणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

मग म्हणाली, "हळदीला जायचंय."

याला मात्र मला थोडा वेळ लागला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल हळद झाली. घडलं तसं लिहितो.

रिक्षात तिने माझ्याकडून वचन घेतलं: मी मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही. तिच्या हातात दीपमालाने आणलेली काठी होती. हिरवी साडी नेसली होती, जरा वर खोचून, म्हणजे काठ पायात येत नाही.

धायरीला पोचलो. मांडवाला आंब्याचे डहाळे, स्पीकर, अंगणभर माणसं. सासूबाई, म्हणजे वेणूबाई, ओट्यावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. लेकीला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. अपेक्षा पाटावर पिवळ्या साडीत बसलेली. ती उठायला गेली तर बायकांनी दाबून बसवलं. "आत्या, ये ना लवकर! सगळे थांबलेत तुझ्यासाठी!"

सत्यशीला निघाली. मी मागे. हाताला काय करावं सुचेना म्हणून पाठीमागे बांधून ठेवले.

आणि मी बघितलं, ती माझ्या पुढे चालत होती. पाठमोरी. पाय ओढत, काठी टेकत, पण पुढे. अंबाड्यात गजरा. मी हे किती दिवसांनी बघत होतो! डोळे भरून आले आणि मी चष्मा काढला, म्हणून पुढचं मला धूसरच दिसलं. तिचा उजवा पंजा सतरंजीच्या दुमडीत अडकला. काठी उडाली. ती आडवी झाली.

बायका ओरडल्या. संभाजीराव आणि दोन-तीन गडी धावले. मला माझाच आवाज ऐकू आला, "हात लावू नका! कोणी हात लावू नका तिला!"

सगळे जागच्या जागी थांबले. कोणीतरी स्पीकर बंद केला.

मी जवळ जाऊन वाकलो. "लागलं?"

"हाताला थोडं. डोकं नाही."

मी एक खुर्ची आणली, ती हलते का बघितलं, तिच्याजवळ ठेवली आणि मागे सरलो.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आरं, उचला की रं लेकराला! बघत काय ऱ्हायलाय समदी?" आणि मग माझ्याकडे, "जावई, दगडाचं हाय का काळीज तुमचं?"

मी दोन्ही हात पाठीमागे इतके घट्ट धरले होते, की आज मनगटावर नखांचे वळ आहेत. मांडवभर लोक आणि त्यांच्या मधोमध माझी बायको सतरंजीवर. ती कुशीवर वळली. कोपर. एकदा घसरलं. मी डोळे मिटले नाहीत. पुन्हा कोपर. मग गुडघे, मग खुर्ची. चांगला पाय पुढे. मध्येच दम खायला डोकं खुर्चीवर टेकून थांबली, तेव्हा वाटलं, आता नाही जमणार. माझ्या शेजारी संभाजीराव पुटपुटले, "दाजी, जाऊ का?" मी नाही म्हणून मान हलवली.

ती उभी राहिली. साडीला माती, गजरा कानावर आलेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. तिने पदर झटकला आणि भाच्यांकडे बघून म्हणाली, "स्पीकर का बंद केला? तो पण पडला का?"

मग पाटापाशी जाऊन अपेक्षाच्या दोन्ही गालांना हळद लावली. अपेक्षा रडत होती. "गप," म्हणाली, "हळद वाहून जाते."

परत येताना रिक्षात ती बाहेरच बघत होती. मला वाटलं रागावली असेल, सगळ्यांसमोर तसंच पडू दिलं म्हणून. विचारलं. म्हणाली, "तुम्ही ओरडलात ना, तेव्हा लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला चारचौघांत तुमचा आवाज मोठा ऐकू आला."

ही तक्रार होती की कौतुक, ते अजून ठरवता आलेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. सगळं छान झालं असं नाही. ऊन वाढलंय आणि उन्हाने तिचे पाय आणखी जड होतात. संध्याकाळी शब्दही अडखळतात. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात औषध बदलायला नको, बघू. सकाळी ती काठी घेऊन एकटी खाली जाते, कोपऱ्यापर्यंत, आणि ती परत येईपर्यंत मी बाल्कनीत उभा राहून उगाच कुंड्यांना पाणी घालतो. दोन झाडं कुजली. टेकडीचं आम्ही दोघंही बोलत नाही.

आज दुपारी पॅसेजमध्ये पडली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. आवाज आला, गेलो. लागलं का विचारलं. नाही म्हणाली. खुर्ची आणून ठेवली आणि नेहमीसारखा भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

ती उठली नाही. भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. पंख्याचा वारा तिथपर्यंत येत नाही. कपाळावर घाम होता.

"आज दमले," म्हणाली. "जरा वेळाने उठते."

"बरं."

"तुम्ही काय पहारा देताय? बसा की."

मी बसलो. फरशी गार होती. खालच्या मजल्यावर कोणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. ती म्हणाली, अपेक्षाचा फोन आला होता, सासरी आमटी तिखट असते म्हणे. मी म्हणालो, सवय होईल. ती म्हणाली, मला कुठे झाली तुमच्या आईच्या गोड आमटीची. आम्ही असंच काहीबाही बोलत राहिलो. पूर्वी किती बोलायचो, मी विसरलोच होतो.

मग बोलता बोलता तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मला वाटलं तोल गेला, म्हणून हात पुढे केला. ती म्हणाली, "पडत नाहीये. असू द्या."

खांदा अवघडला, पायाला मुंग्या आल्या. दुकान उघडायची वेळ टळून गेली. मी हललो नाही.